आभाळाचा पंचनामा

गड्यांनो, आभाळात काय दिसलं तर कुणाला सांगू नका. मी सांगितलं, आणि आज दुपारी फौजदारसाहेब रहिमतपुरातनं सायकल मारत थेट माझ्या उसात आले.

परवा पाणी पाजताना डोक्यावरनं तांब्याच्या परातीएवढं कायतरी चकाकत गेलं. ना आवाज, ना धूर. मी पोलीस पाटलांना बोललो, एवढंच! पण लढाई चालू हाय. साहेब म्हणाले, "शत्रूचं विमान असेल आणि तू खाणाखुणा केल्या असशील, तर साताऱ्याला न्यावं लागेल."

पोरगं पलटणीत आणि बाप तुरुंगात!

दोन पंच आणि गावचे तलाठी बांधावर बसले. साहेबांनी विचारलं, "घटनेच्या जागेचा सर्व्हे नंबर?"

तलाठी म्हणाले, "उसाचा हाय, साहेब. वरच्याचा उतारा निघत न्हाई."

"मग चतुःसीमा तरी लिहा!"

लिहिली. पूर्वेस आभाळ, पश्चिमेस आभाळ, दक्षिणेस आभाळ, उत्तरेस आभाळ. खाली माझा ऊस.

मी सही करणार, तेवढ्यात ती परात पुन्हा डोक्यावरनं गेली! पंचांनी बघितली, तलाठ्यांनी बघितली. वर बघता बघता साहेबांची टोपी पाटात पडली.

साहेबांनी टोपी पिळली, कागद घडी करून खिशात घातला आणि हळूच विचारलं, "आबा, तुम्हाला काय दिसलं?"

म्हणलं, "आधी तुमी सांगा, साहेब. मी लिवून घेतो."

च्या न घेताच गेले. तुमच्याकडं कुणाला दिसली का ती परात? दिसली असंल, तर आधी चतुःसीमा तयार ठेवा.