क्लचच्या स्प्रिंगचा पंचनामा

जुनी गाडी बाळगणाऱ्या माणसाशेजारी राहिलं की वेगळी करमणूक लागत नाही. एक किस्सा सांगून होतोय तोवर गाडी दुसरा घडवून ठेवते. आमच्या आळीत चार डोकी जमली की अजूनही कुणीतरी म्हणतंच, "ते बापूंच्या स्प्रिंगचं सांग रे." मग मला सगळंच सांगावं लागतं, कारण त्या प्रकरणात मी पंच होतो. सहीसकट!

त्र्याऐंशी-चौऱ्याऐंशीचा सुमार असेल. मी रत्नागिरीत पोस्टात सॉर्टिंगला होतो. बापू शेजारचे, कोर्टातून शिरस्तेदार म्हणून रिटायर झालेले. रिटायर झाल्यावर लोक देवपूजा वाढवतात, बापूंनी गाडी घेतली. छोटी, विलायती, साधारण बापूंच्या लग्नाच्या वेळी जन्मलेली. रंग मूळचा आकाशी होता म्हणे. खाऱ्या वाऱ्याने पत्रा असा खाल्लेला की मागच्या मडगार्डातून बोट आरपार जायचं. पण बापू तिच्याबद्दल वाकडा शब्द ऐकून घेत नसत.

आता खरी गोष्ट. बापूंची थोरली बहीण आक्का जवळच पावस गावी असायची. पंचाहत्तरीची. तिचा एक डोळा काचबिंदूने गेला होता आणि उरलेल्या डोळ्यात मोतीबिंदू. घाटावरून डोळ्यांचे डॉक्टर महिन्यातून एका गुरुवारी रत्नागिरीत ऑपरेशनं करायला यायचे. त्यांनी बजावलं होतं की आणखी थांबलात तर हाही डोळा हातचा जाईल. आक्का तीन वर्षं नाही म्हणत होती. एकदा न दिसल्यामुळे ती एसटीच्या पायरीवरून पडली होती आणि तेव्हापासून तिने एसटीचं नावच टाकलं होतं. शेवटी बापू स्वतः जाऊन तिच्यासमोर बसले तेव्हा ती कबूल झाली, पण अट घालून. "तुझ्या गाडीतून नेत असलास तर येते. गुरुवारी आला नाहीस तर पुन्हा डोळ्याचं नाव काढायचं नाही."

बापू शब्द देऊन आले. आणि रविवारी, म्हणजे गुरुवारच्या चार दिवस आधी, भाट्याच्या किनाऱ्यावरून परत येताना गाडीखाली टण्णकन आवाज झाला आणि क्लचचं पेडल खाली जाऊन पडलं ते पडलंच. पेडलखाली पायाचा अंगठा घालून ते वर ओढायचं, असं करत बापू घरी आले. अंगठा सुजला होता. त्यांच्या बायकोने, आमच्या काकूंनी, विचारलं काय झालं, तर म्हणाले, किरकोळ आहे.

* * *

एरवी कुणीही गाडी गॅरेजात नेली असती. पण हे दिवस शिमग्याचे! शिमग्याला मुंबईहून चाकरमानी गावाला येतो, तिथे रत्नागिरीचा मेकॅनिक कसला थांबतोय? बापूंचा नेहमीचा मेकॅनिक गावी पालखी नाचवायला गेला होता. गॅरेजच्या फळीवर खडूने लिहिलेलं होतं, "पालखी बसल्यावर येऊ." भाड्याच्या गाड्यांचे ड्रायव्हरही सगळे पसार.

बापू ती फळी वाचून परत आले, धोतर बदलून जुना लेंगा चढवला आणि अंगणात जांभ्याचे चिरे रचायला लागले. गाडी चिऱ्यांवर चढली. काकू म्हणाल्या, अहो, तुम्हाला ह्यातलं काय कळतं? बापू म्हणाले, "कोर्टात लागलो तेव्हा तिथलं तरी काय कळत होतं?"

आमचे अड्ड्यावरचे बाकीचे दोघं लगेच हजर झाले. एक जोशी मास्तर, हायस्कूलात फिजिक्स शिकवणारे. दुसरे हसनभाई, बापूंचे शाळासोबती, ज्यांची हयात जहाजाच्या इंजिनरूममध्ये गेली. मास्तर उजव्या दाराच्या बाजूने गाडीखाली शिरले आणि आतूनच त्यांनी तास घेतला. गिअरबॉक्समधून एक दांडा बाहेर येतो, तो क्लचचा आर्म. पेडल दाबलं की तो हलतो, सोडलं की स्प्रिंग त्याला जागेवर ओढून आणते. ती स्प्रिंग तुटली आहे. तशीच चालवलीत तर आतलं बेअरिंग जळेल आणि मग अख्खा गिअरबॉक्स उतरवावा लागेल.

पंचवीस मिनिटांत मास्तरांनी हे सांगितलं. हसनभाई बाहेर उकिडवे बसून बिडी ओढत होते. त्यांना मी विचारलं, तुमचं काय म्हणणं? ते म्हणाले, "एवढीशी स्प्रिंग आहे. आमच्या जहाजावर एवढी घड्याळात असायची."

* * *

तुटलेली स्प्रिंग काढायची म्हणजे दुसरा कुणी पक्कड लावून मोकळा झाला असता. बापूंची तीस वर्षं कोर्टात गेली होती. त्यांनी आधी कागद मागवला.

काढलेल्या प्रत्येक वस्तूला निशाणी. चिखल अडवणारा पत्रा काढला, निशाणी एक. त्याचे दोन बोल्ट, निशाणी दोन आणि तीन. स्प्रिंगचे दोन तुकडे, निशाणी चार, अ आणि ब. प्रत्येक गोष्ट काकूंच्या पापडाच्या डब्यात, चिठ्ठी बांधून. स्प्रिंग कुठे अडकवलेली होती त्याचा रीतसर पंचनामा. मास्तर गाडीखालून सांगायचे आणि बापू बाहेर पाटावर बसून लिहायचे. "सदर स्प्रिंगचे एक टोक आर्मच्या भोकात व दुसरे टोक चासीच्या पट्टीवरील दोन भोकांपैकी डावीकडील भोकात अडकवलेले दिसून आले." खाली पंच म्हणून मी आणि हसनभाई. आम्ही दोघांनी खाली वाकूनसुद्धा बघितलं नव्हतं, पण सही मात्र झोकात केली.

* * *

स्प्रिंग कुठून आणायची? तसली स्प्रिंग मुंबईहून मागवावी लागणार, म्हणजे आठ दिवस. मास्तरांनी शाळेच्या लॅबमधला जुना स्प्रिंगकाटा आणला. त्यातली स्प्रिंग दिसायला अगदी तश्शी! मास्तरांनी तिच्या ताकदीचं गणित कागदावर मांडलं, उत्तर बरोबर आलं. हसनभाईंनी ती दोन हातांत धरून एकदा ओढली. ती जी लांब झाली ती परत यायचं नावच घेईना. काकू म्हणाल्या, शेवया छान पडल्यात.

मग सगळ्यांची नजर माझ्या सायकलीकडे गेली. सायकलच्या मागच्या स्टँडला जाडजूड स्प्रिंग असते, दोन्ही टोकांना आकडे. मी म्हणालो, सायकलवर मी ड्युटीला जातो.  बापू नुसते माझ्याकडे बघत राहिले, वकिलाने तारीख मागितली की शिरस्तेदार बघतात तसे. मी स्वतःच पाना घेऊन स्प्रिंग काढली. त्यानंतर तीन महिने माझी सायकल भिंतीला टेकून उभी राहायची.

ती बोटभर आखूड पडत होती. हसनभाईंनी जाड तारेचा एक आकडा वळून तिला जोडला. काम इतकं सुबक केलं की मास्तरांनी त्याचं गणितसुद्धा मांडलं नाही.

* * *

मंगळवारी सकाळी बापू पाठीखाली गोणपाट घालून गाडीखाली गेले. डाव्या दाराकडून, कारण उजव्या बाजूला आता आधाराचे आणखी चिरे रचले होते. स्प्रिंगचं एक टोक आर्मला लागलं. दुसरं पकडीत धरून ते भोकापर्यंत ताणत आणलं, आणि नेमके तेव्हा आळीच्या टोकाला ढोल वाजले.

पालखी दारात! वर्षातून एकदा देव घरी येतो आणि अंगणात गाडी आडवी. काकूंनी बापूंना बाहेर यायला सांगितलं. बापू आतून म्हणाले, "आता हात सोडला तर गुरुवार गेला."

अंगणाच्या कडेकडेने पालखी आली. काकूंनी ओटी भरली, नारळ ठेवला. गाडीखालून बापूंचे दोन पाय बाहेर आलेले. गाऱ्हाणं घालायला म्हातारे मानकरी पुढे झाले. त्यांनी त्या पायांकडे बघून काकूंना सगळं विचारून घेतलं, डोळे मिटले आणि खणखणीत आवाजात सुरुवात केली. "बा देवा महाराजा! ह्या तुझ्या लेकरान गाडी उघडून ठेवलीन हाय. तिची काय ती स्प्रिंग ठिकाणावर बसू दे. पावसच्या आक्काच्या डोल्यांना उजेड दे. कुणाची आडकाठी असंल तर ती दूर कर रे महाराजा!"

साठ-सत्तर माणसं एका आवाजात गरजली, "व्हय महाराजा!"

गाडीखालूनही एक "व्हय महाराजा" आलं, आणि पाठोपाठ खट्‌ असा आवाज. स्प्रिंग बसली होती. काकूंनी तिथेच देवाला हात जोडले. बापू मात्र पुढे कितीतरी दिवस सांगत की ते पकडीचं काम होतं.

* * *

पालखी पुढे गेली, गाडी चिऱ्यांवरून उतरली, बापू ऐटीत आत बसले. पेडल दाबलं. ते खाली गेलं आणि वर येईना! उलट आता अंगठ्याने ओढूनही येईना. स्प्रिंग जोरात ओढत होती, पण भलतीकडेच.

काकूंचं तोंड एवढंसं झालं. देवाने बसवलीन ती उलटी कशी, असं त्या पुटपुटल्या. बापू पाटावर बसले.  सकाळपासून पकड दाबून दोन बोटांना फोड आले होते. मला वाटलं, आता हे सोडणार. त्यांनी काकूंकडे पंचनामा मागितला.

बुधवारी सकाळी चौकशी बसली. पंचनाम्यात स्पष्ट लिहिलेलं, डावीकडील भोक. बापूंनी अडकवली तीही डावीकडेच. मग चुकलं कोण? मास्तर म्हणाले, मी डावीकडेच पाहिली होती. बापू म्हणाले, मी डावीकडेच लावली. दोघंही शपथेवर सांगायला तयार. मी पंच असून काहीच पाहिलं नव्हतं, त्यामुळे माझी साक्ष बाद.

हसनभाईंनी बिडी विझवली आणि विचारलं, "मास्तर, तुम्ही कुठल्या दारानं आत गेलात?"

उजव्या.

"आणि बापू, तू?"

डाव्या.

"मग दोघांचं डावं एक कसं असंल? आमच्या जहाजावर डावं-उजवं कोण बोलत नाही. बोटीच्या प्रत्येक बाजूला ठरलेलं नाव असतं, माणूस कुठंही तोंड करून उभा राहो. हे खोड, आणि लिही, बॉनेटकडचं भोक."

बापूंनी पेन काढलं, "डावीकडील" खोडलं, "बॉनेटकडील" लिहिलं, खोडल्याबद्दल शेजारी बारीक सही केली, गाडी पुन्हा चिऱ्यांवर चढवली आणि परत गोणपाट घेतलं. फोड आलेल्या बोटांना काकूंनी चिंध्या बांधल्या. ह्या खेपेला गाऱ्हाणं नाही, ढोल नाही. दुपारचे दोन तास लागले. तीनदा आकडा निसटला, एकदा त्यांच्या कपाळावर बसला. संध्याकाळी चारला पेडल दाबलं आणि ते आपल्या आपण वर आलं. बापूंनी ते वीस वेळा दाबलं.  मला भरून आलं होतं, हे कबूल करतो.

* * *

गुरुवारी पहाटे आम्ही पावसला निघालो. मी मागच्या सीटवर, मांडीवर पापडाचा डबा, न जाणो वाटेत काही लागलं तर. चढणीवर बापूंनी जितक्यांदा गिअर बदलला तितक्यांदा मी डबा घट्ट धरला.

आक्का नेसून-सवरून ओटीवर बसलेली होती. तिने गाडीचा आवाज ऐकला, चाचपडत दार धरलं आणि आत बसली. तिने एकच विचारलं, वाटेत बंद पडणार नाही ना? बापू म्हणाले, "नाही पडणार." नाही पडली.

ऑपरेशन नीट झालं. त्या वेळी मोतीबिंदू काढल्यावर जाड भिंगांचा चष्मा यायला दीड महिना लागे. तोवर सगळं धूसर, आणि वाकायला, ओझं उचलायला सक्त मनाई. आक्का बापूंकडेच राहिली.

* * *

चष्मा आला त्याच दिवशी तिला पावसला पोचवायचं ठरलं. डॉक्टरांनी वाकायचीही परवानगी दिली होती. बापूंनी सकाळी गाडी धुतली. मास्तर आले, हसनभाई आले, मी पोस्टात उशिरा येतो म्हणून सांगून आलो. आक्का चष्मा लावून, काठी टेकत अंगणात आली.

तिने गाडीला एक पूर्ण फेरी मारली. मागच्या मडगार्डाच्या भोकात बोट घालून पाहिलं. मग म्हणाली, "बापू, दिसत नव्हतं म्हणून बसले हो मी हिच्यात."

आम्ही सगळे पोट धरून हसलो. बापू हसले नाहीत. त्यांनी फडकं खांद्यावर टाकलं आणि हळूच विचारलं, "मग भाड्याची गाडी बघू?"

आक्का म्हणाली, "दीड महिना ऐकतेय, ती स्प्रिंग कुठे बसवलीस ती दाखव आधी."

बापूंनी गोणपाट अंथरलं आणि धुतल्या कपड्यांनिशी गाडीखाली गेले. आतून बॅटरी लावली. आक्काने काठी माझ्या हातात दिली, दाराला धरून सावकाश खाली बसली, एक हात जमिनीवर टेकला आणि मान खाली घातली. काकू तिला सावरायला पुढे झाल्या, तिने हातानेच थांबवलं.

तिने चष्मा नाकावर सरकवला आणि मान आणखी खाली केली.

"दिसली?" बापूंनी आतून विचारलं.

"दिसली," आक्का म्हणाली आणि उठून तिने गाडीचं दार उघडलं.