बंगईचं पॉलिश

हल्ली लोक डबा उघडतात, ब्रश फिरवतात आणि दुपारच्या आत पॉलिश झालं म्हणतात. म्हणोत बापडे. मी ज्या मिस्त्रींचं काम पाहिलं, त्यांनी एका बंगईला, म्हणजे झोपाळ्याला, अकरा दिवस घेतले होते, आणि त्यातले चार तर नुसते घासण्यात गेले.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. वर्ध्याजवळ पिपरी मेघे गावातल्या घरात सून म्हणून येऊन मला जेमतेम दोन महिने झाले होते. नणंदेचं लग्न ठरलं होतं. बैठकीत झुलणारी सागवानी बंगई तिच्यासोबत सासरी सिंदीला द्यायची, असं सासूबाईंनी ठरवलं. मिस्त्रींना त्यांनी बजावलं, "रुखवतात ठेवाची हाये. तोंड दिसलं पाह्यजे त्यात."

मिस्त्री साठीचे, काटकुळे. चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवायची, मलमलीत कापसाचा बोळा बांधायचा, वर जवसाच्या तेलाचा एक थेंब, आणि मग लाकडावर गोल गोल हात. हात मध्येच थांबवायचा नाही. थांबला की फडका चिकटतो आणि डाग पडतो. पहिले काही दिवस मला काहीच फरक दिसेना. सातव्या दिवशी मात्र सागाच्या रेषा अशा उमटून आल्या की मी चुलीवरचं वरण विसरले. ते करपलंही. बोलणी खाल्ली, पण पुन्हा जाऊन उभी राहिलेच.

त्यांची एकच अट होती, खोलीत पंखा नको आणि कूलर नको. मला वाटलं, धूळ उडते म्हणून असेल. वर्ध्याचा मे महिना, बंद खोली आणि वर स्पिरिटचा वास. घाम बंगईवर टपकू नये म्हणून ते कपाळाला दुपट्टा घट्ट बांधून काम करत. मला ते बघवत नव्हतं.

शेवटच्या दिवशी शेवटचा हात मारून ते अंगणात कडुनिंबाखाली भाकर खायला गेले. मी म्हटलं, आता काम तर संपलं. माणूस परत येईल तेव्हा खोली तरी गार असू दे. कूलरमध्ये पाणी भरलं, वाळा भिजवला आणि बटन दाबलं. अक्कल पाजळली, दुसरं काय!

थोड्या वेळाने पाहते तर अख्खी बंगई पांढरी, वरून ताक फिरवल्यासारखी. ओली हवा कच्च्या पॉलिशवर बसली होती.

मिस्त्री आत आले. त्यांनी बंगईकडे पाहिलं, कूलरकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि मुकाट्याने बटन बंद केलं. तेवढ्यात सासूबाई दोन पाहुण्या बायकांना बंगई दाखवायला घेऊन आल्या.

"हे काय करून ठेवलं मिस्त्री? राख फासली काय बंगईले?"

"माह्याच हातून बिघडलं, बाई. करतो दुरुस्त," मिस्त्री म्हणाले.

आणि मी गप्प! नव्या सुनेची जीभ टाळूला चिकटली ती चिकटलीच.

त्यांनी दारं-खिडक्या सताड उघडून गरम झळा आत घेतल्या. मग फडक्याला जेमतेम स्पिरिट लावून, झोपलेल्या लेकराच्या गालाला लावावा तसा हलका हात फिरवला. माझ्या डोळ्यांदेखत पांढरेपण विरत गेलं. संध्याकाळी बंगईत माझं तोंड स्वच्छ दिसलं, पण ते मला पाहवेना.

दोन हजार साल उलटलं तरी सिंदीला ती बंगई तशीच लखलखत होती. मिस्त्रींच्या नावाला मात्र डाग लागला. 'त्याचं पॉलिश पांढरं पडते,' असं सासूबाई जिला तिला सांगत सुटल्या आणि त्याच वर्षीच्या दिवाळीपर्यंत गल्लीतल्या दोन घरांनी दुसरा माणूस बोलावला. ते ऐकलं आणि मला माझाच राग आला.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बैठक बायकांनी भरली होती. सासूबाईंनी पुन्हा तेच सुरू केलं. मी हातातलं तिळगुळाचं ताट खाली ठेवलं.

"आई, कूलर मी लावला होता. मिस्त्रींनी काहीच बिघडवलं नाही. उलट मी बिघडवलेलं त्यांनी नीट केलं."

सासूबाई महाशिवरात्रीपर्यंत माझ्याशी बोलल्या नाहीत. न बोलोत.

पुढच्या उन्हाळ्यात शेजारच्यांनी दाराच्या पॉलिशला मिस्त्रींनाच बोलावलं. मी धावतच गेले. म्हटलं, "काका, तुमचं नाव माझ्यामुळे गेलं. तुम्हाला सगळं दिसलं होतं, मग काऊन नाही सांगितलं तेव्हाच?"

त्यांचा हात दारावर फिरतच होता.

"सूनबाई, तुमी तो कूलर माह्यासाठीच लावला होता नं? जिंदगी लोकाइच्या घरी काम करण्यात गेली. माह्यासाठी कोनी कूलर लावला नाई. मंग तुमचं नाव कसं सांगू?"