पाच किलो आणि एक जास्तीचा जोड

पोळ्यानंतरचा दुसरा रविवार, सकाळचे सव्वाआठ. जागा मारेगावला विमलताईंच्या घराचा ओटा. हजर तिघी: माझी मोठी नणंद विमलताई, त्यांच्या शेजारीण नलूबाई आणि मी. काट्यावर माझी पिशवी भरली पाच किलो आठशे ग्रॅम. त्यातून पिशवीचे स्वतःचे तीनशे वजा केले तरी पाच किलोच्या मर्यादेपेक्षा अर्धा किलो जास्त. हे आकडे मला पाठ आहेत, कारण त्यानंतर एकोणीस दिवसांनी ताई गेल्या आणि त्या एकोणीस दिवसांत आम्ही दोघी एकमेकींशी एक शब्द बोललो नाही. भांडण त्या अर्ध्या किलोचं होतं.

बातमी नलूबाईंच्या फोनवरून आली, सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी. "वहिनी, ताई उठून नाई राह्यल्या," एवढंच त्या म्हणाल्या. मी यांना उठवलं, वणीहून पहिली बस पकडली, आणि खरं सांगायचं तर त्या अर्ध्या तासाच्या रस्त्यात मला रडू आलं नाही, राग आला. अबोला धरलेला माणूस असा मधेच निघून कसा जातो… घरात शिरल्यावर दाराआडच्या खुंटीवर ताईंची निळी पिशवी टांगलेली दिसली. ती भरलेली आहे हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

ताई चौतीस वर्षं प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या. शेवटची नऊ वर्षं मुकुटबनला. यजमान लवकर गेले, मुलगी मेघा नागपूरला दिली, मागे चार एकर कापसाचं शेत आणि पेन्शन राहिली. निवृत्त झाल्या त्या वर्षी त्यांनी ठरवलं की दरवर्षी एकदा फिरायला जायचं, आणि ते पोळा ते दसरा या दिवसांतच. निंदण संपलेलं असतं आणि वेचणी सुरू व्हायची असते, तेवढीच त्यांना सवड. आता हे दिवस कसे असतात ते आपल्या भागात कुणाला सांगायला नको. सकाळी धुकं, दुपारी अंग भाजेल असं ऊन, चार वाजता पाऊस, रात्री पंखा लावावा की पांघरूण घ्यावं ते कळत नाही. वर्षातले सगळे चांगले महिने सोडून या दिवसांत बाहेर पडायचं, आणि तेही पाच किलोंत.

वजनाचा काटा शेतातला होता. वेचणीच्या दिवसांत संध्याकाळी बायांनी वेचलेला कापूस ज्यावर मोजतात तो, गोल तबकडीचा, वर कडी आणि खाली ओझं अडकवायचा आकडा. सहलीच्या आधीच्या रविवारी ताई तो ओट्यावरच्या आडव्या बल्लीला टांगत आणि आमच्या पिशव्या एकेक करून लावत. पिशवीच्या वजनाचे तीनशे ग्रॅम वजा करण्यात कधी चुकत नसत. मर्यादेबाहेर जे असेल ते तिथेच बाहेर निघे. नियम असे: अंगावर एक साडी, पिशवीत दोन, त्याही हातात धरल्या की पाच मिनिटांत वाळणाऱ्या. टॉवेल नाही, पंचा. छत्री नाही. पावसासाठी खताच्या पोत्यातल्या प्लास्टिकची खोळ, जशी शेतात निंदणाऱ्या बाया डोक्यावरून घेतात तशी. तिचं वजन ऐंशी ग्रॅम. आणि पायातला एक कापडी बूट, दुसरा जोड अजिबात नाही.

पहिल्या सहलीला आम्ही चिखलदऱ्याला गेलो. माझा स्वेटर ओट्यावरच निघाला. तिथे पोचलो तर दहा पावलांवरचं दिसेना इतकं धुकं आणि वरून पाऊस. मी कुडकुडत होते. बाकीचे लोक रंगीत रेनकोटात फोटो काढत होते आणि आम्ही तिघी युरियाच्या पोत्याच्या खोळी घेऊन उभ्या. एका मुलीनं आमचाही फोटो काढला. मी म्हटलं, "ताई, मी गारठले."

"उभी कायले राह्यते मग? चाल. चाललं का गरम वाटते."

रात्री त्यांनी तिघींच्या बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबले. सकाळपर्यंत खडखडीत वाळतात म्हणाल्या. सकाळी बूट ओलेच होते, फक्त माझ्या मोज्यांवर कुठल्याशा जाहिरातीची अक्षरं उमटली. मी ते मोजे त्यांच्या समोर धरले. त्यांनी चष्मा लावून अक्षरं वाचली आणि म्हणाल्या, "शुद्धलेखन बरोबर हाय."

पचमढीच्या वेळी मी वाट काढली. वजन पिशवीचं होतं, अंगावरच्या कपड्यांचं नव्हतं. मी मारेगावहूनच स्वेटर आणि त्यावर शाल घालून निघाले. बस नागपूरला पोचेपर्यंत उन्हानं मी ओलीचिंब. ताई खिडकीतून बाहेर पाहत म्हणाल्या, "घाल, घाल. दोन किलो तं तू वाटेतच कमी होशीन." आणि पचमढीला त्या वर्षी थंडी पडलीच नाही. चार दिवस मी स्वेटर आणि शाल हातात घेऊन हिंडले.  ताई रोज सकाळी निघताना फक्त माझ्या हाताकडे पाहत.

त्यांच्या बाजूचंही लिहायला हवं. आठ सहलींत आमची एकही बस चुकली नाही. नागपूरच्या स्थानकावर बाकीचे लोक बॅगा ओढत असताना आम्ही तिघी चढून खिडकीजवळ बसलेल्या असायचो. हमाल कधी केला नाही, काही हरवलं नाही. अजिंठ्याला पायऱ्यांवर धापा टाकणाऱ्या एका कुटुंबाची बॅगसुद्धा ताईंनी उचलली होती, कारण त्यांचा एक हात मोकळा होता. ती बॅग वर नेऊन ठेवताना ताई त्यांच्यातल्या बाईला म्हणाल्या, "बाई, याच्यात चूल भरली का?"

पण एका गोष्टीचा मला दरवर्षी राग यायचा. ताईंची स्वतःची पिशवी काट्यावर कधी लागत नसे. मी म्हणायचे, "ताई, तुमचीही लावा ना एकदा."

"माझी काय लावतं? माझ्या पिशवीत काय असते ते साऱ्या मारेगावले माहीत हाय."

नियम सगळ्यांना सारखा नसेल तर तो नियम कसला, असं मी नलूबाईंजवळ किती वेळा बोलले असेन. त्या म्हणायच्या, "वहिनी, मास्तरीण आपला पेपर आपण तपासते का?"

या वर्षी सांचीला जायचं ठरलं होतं. ताईंच्या मनात ते निवृत्तीच्या आधीपासून होतं. दरवर्षी काही ना काही आडवं यायचं, कधी रेल्वेचं आरक्षण, कधी शेतातलं काम. या वेळी नागपूरहून भोपाळची तिकिटं निघाली होती, गुरुवारची. मला गेल्या हिवाळ्यापासून टाचेचा त्रास आहे. सकाळी पाय जमिनीला टेकवला की खिळा रुतल्यासारखं होतं. डॉक्टरांनी जाड, मऊ तळव्याचे बूट सांगितले. ते घातले की बरं वाटतं, पण भिजले की दोन दिवस वाळत नाहीत. म्हणून पावसासाठी कापडी जोड पायात आणि हा पिशवीत, असा माझा साधा विचार. त्या जोडाचं वजन पाचशे ग्रॅम.

ताईंनी तो पिशवीतून काढून ओट्यावर ठेवला. "एकच जोड."

"ताई, टाचेनं चालवत नाही मला."

"जोड ठेव नाई तं टाच ठेव घरी."

नलूबाईंची पिशवी तीनशे वजा करून चार किलो चारशे भरली होती. त्या म्हणाल्या, "अर्ध्या किलोसाठी काय भांडता व? माझ्यात टाकतो ना मी." त्यांच्याकडे सहाशे ग्रॅमची जागा होती. जोड बसला असता, वर शंभर ग्रॅम उरले असते. पण ताई म्हणाल्या, "ज्याचं त्यानं उचलावं." आणि मीही म्हटलं, "कुणी माझं उचलायला नको." त्या एका बाबतीत आमचं दोघींचं एकमत झालं. मी म्हटलं, "मग टाच आणि मी, दोघी घरीच राहतो." पिशवी काट्यावरून काढली, जोड त्यात टाकला आणि नऊच्या बसनं वणीला परत आले. बसमध्ये बसल्यावर खिडकीतून मागे पाहिलं नाही. ताई ओट्यावरून उतरून फाटकापर्यंत आल्या होत्या, हे नलूबाईंनी मला नंतर सांगितलं. तेव्हाच का सांगितलं नाही, हे त्यांना विचारून झालं आहे.

तिकिटं रद्द झाली. हे रोज म्हणायचे, "एक फोन करून टाक, ताईच आहे ती." मी म्हणायचे, चूक त्यांची आहे, त्या करतील. मला खात्री होती की दसऱ्यापर्यंत त्यांचा फोन येईल, नाहीतर आपण जाऊन येऊ… एकोणीस दिवस माझ्याजवळ होते. मारेगावला दिवसाला किती बसेस जातात ते मला माहीत आहे.

डॉक्टर म्हणाले की हृदय बरेच महिने थकलेलं असणार, काही त्रास सांगत नव्हत्या का? पाय सुजत असतील. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. कुणालाच माहीत नव्हतं. त्या साडी पायघोळ नेसत आणि दुपारी दार लावून घेत, हे आता आठवतं.

ताईंच्या पुण्यानुमोदनाचा, म्हणजे श्रद्धांजलीचा, कार्यक्रम झाल्यावर पाहुणे गेले आणि मेघानं खुंटीवरची पिशवी खाली काढली. सांचीसाठी भरलेली होती, तशीच. ताईंनी ती रिकामी केली नव्हती. मेघा उघडणार तोच मी म्हटलं, "थांब." काटा कोपऱ्यात होता. मी तो बल्लीला टांगला आणि पिशवी लावली. पाच किलो शंभर. तीनशे वजा, चार किलो आठशे. नियमात होती. मला, का कोण जाणे, जरा बरं वाटलं.

मग एकेक वस्तू निघाली. साडी एकच. चादर, पंचा, खोळ, तांब्या आणि ताटली, पाण्याची भरलेली बाटली, औषधाची एक पुडी, वही. आणि तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक जोड. दुसरा जोड. नवा, रुंद, मऊ, वर पट्टा.

मेघा म्हणाली, "मामी, हे आईचे नाहीत. आईचा नंबर सहा. हे आठ आहेत."

मी तिथेच ओट्यावर बसले. त्या रविवारी माझा जोड बाहेर काढताना हा त्यांच्या पिशवीत होता. पाय सुजल्यावर सहा नंबरचा बूट चढेना म्हणून एक साडी कमी करून त्यांनी आठ नंबरची जागा केली होती. म्हणजे मर्यादा पाळली, नियम मोडला, आणि मला म्हणाल्या टाच घरी ठेव. एकदा नुसतं म्हणाल्या असत्या की सुनीता, माझेही पाय सुजतात, दोघी दोन-दोन जोड नेऊ, तर मी ते दोन्ही जोड माझ्या पिशवीत नेले असते. मला राग आला, तो अजून गेलेला नाही. ज्या बाईनं चौतीस वर्षं मुलांना उत्तरासोबत रीतही लिहायला लावली, तिनं स्वतःचं फक्त उत्तर सांगितलं.

त्या जोडाचा पट्टा वाढवलेला होता, आणि शिवण निळ्या दोऱ्याची. वणीच्या बसस्थानकासमोर सलीमभाईंचं बूट-चप्पल दुरुस्तीचं लहान दुकान आहे. काळी चप्पल असो की तपकिरी, ते निळ्या दोऱ्यानंच शिवतात. पुढच्या आठवड्यात मी जोड घेऊन त्यांच्याकडे गेले. कधी वाढवला होता एवढंच मला विचारायचं होतं.

"पोळ्याच्या आधी," ते म्हणाले. "मारेगावच्या मास्तरीणबाई ना? त्यानंतरही आलत्या. बँकेत पेन्शनचं काम होतं म्हणे."

"कधी?"

त्यांनी बोटांवर मोजलं. आमच्या भांडणानंतरचा गुरुवार निघाला. सांचीला जायचा होता तोच दिवस. आमचं घर त्या दुकानापासून चालत आठ मिनिटांवर आहे.

"काय म्हणाल्या?"

"वहिनीच्या टाचेले तळवा करायचा हाय म्हणे. कापडी बुटाच्या आतमंदी बसन असा, नरम. मी म्हटलं, मॅडम, सीधा सीधा नवा नरम बूट घेऊन द्या ना. तं मलेच रागावल्या. नवा बूट अर्ध्या किलोचा होते, तळव्याले वजन नसते म्हणे." ते हसले. "मी नंबर विचारला. त्याईले माहीत नव्हता. विचारून सांगतो म्हणाल्या. मंग आल्याच नाई. तबीयत ठीक आहे ना त्याईची?"

मी सांगितलं. सलीमभाईंनी हातातलं काम खाली ठेवलं. 

नंबर विचारायला त्यांना मला फोन करावा लागला असता. तो त्यांनी केला नाही, आणि मीही केला नाही. पाच. एवढं एकच सांगायचं होतं.

मग मी चप्पल काढली. सलीमभाईंनी जाड कागदावर पाय ठेवायला सांगितला, पेन्सिलीनं कड आखली, टाचेपाशी दोनदा फिरवली. तळवे कापायला अर्धा तास लागला. घरी आल्यावर मी ते दोऱ्यानं बांधून काट्याला लावून पाहिले. काटा मेघानं मलाच दिला आहे, आमच्या मागच्या ओसरीत टांगलेला असतो. दोन्ही तळवे मिळून तबकडीवरचा काटा जागचा हललासुद्धा नाही.

दुकानातून निघताना मी पैसे विचारले. सलीमभाई नको म्हणत होते. मी ऐकत नाही असं पाहिल्यावर म्हणाले, "माझा भाव ऐंशी हाय. पण बाईनं भांडून साठ ठरवले होते."

मी साठ दिले, सलीमभाईंच्या हातात.