न्हाणीघराची कडी

नाताळच्या सुट्टीत मुलगा नातीला घेऊन अमेरिकेहून रत्नागिरीला आला, तो डोक्यात बंदुकीचा विषय घेऊनच. त्यांच्या घराजवळच्या मॉलमध्ये गोळीबार झाला होता, माणसं गेली होती. आता घरात बंदूक हवीच, असं तो म्हणत होता. सुनेचा ठाम नकार. मी मुलाच्या बाजूने, आणि ते मी सुनेला फोनवर चांगलं ऐकवलंही होतं. लेकराच्या जिवापुढे कसली आलीत तत्त्वं? आमच्याकडे नाही का शेतीसंरक्षणाच्या परवान्याची बंदूक? बागेत वांदर शिरले की हे हवेत एक बार काढतात. निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा करून येतात. कुणाचं काय बिघडलं?

पण नात आली आणि माझा जीव थाऱ्यावर राहिना. कुठेही गेलं की ही पोर आधी मागचं दार शोधायची. देवळातसुद्धा!

त्या सकाळी मुलगा मासळी आणायला मिरकरवाड्याला गेला होता. मी नातीच्या केसांना तेल लावत होते. कलमांच्या मोहोरावर वांदर आले आणि ह्यांनी मागच्या अंगणातून बार काढला. पोर किंचाळली नाही, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटली. तिने मला हाताला धरून न्हाणीघरात ओढलं, कडी घातली, दिवा बंद केला आणि माझ्या तोंडावर तळवा दाबला. आठ वर्षांची पोर.

"अगो, आजोबा वांदर हाकलतायत," मी तिचा हात बाजूला करत म्हटलं. ती ऐकेना.

तेवढ्यात हे दाराशी आले. "अगो बाय, मी आहे गो. उघड दार."

मी कडीकडे हात नेला. तिने तो दोन्ही हातांनी घट्ट धरला. "नाही आजी," ती कुजबुजली. "ओळखीचा आवाज असला तरी उघडायचं नाही. शाळेत गोळीबाराची ड्रिल असते ना, तेव्हा टीचर सांगते. कधीकधी ओळखीचाच माणूस असतो."

बाहेर माझा नवरा होता. त्याचा खोकलासुद्धा मी ओळखते. तरी त्या अंधारात मी हात खाली घेतला.

मग मुलगा आला. "सोन्या, पप्पा आलाय बघ," त्याने हाक मारली. पोर आणखीच मला बिलगली. माझ्या कानात म्हणाली, "विचार, आजोबांच्या हातात अजून बंदूक आहे?"

मी मोठ्याने विचारलं.

"आहे," हे म्हणाले, "पण रिकामी आहे गो."

"बाबा, आधी ती बाहेर ठेवून या हो," मुलगा म्हणाला.

तेव्हा कुठे ती पहिल्यांदा मोठ्याने बोलली. "पप्पा, आपल्या घरी तू आणलीस, की मग तुलापण दार उघडायचं नाही ना?"