जनरेटरवर वाजवलेला तुकडा

जॅझ वाजवणाऱ्यांना रॉकवाला गिटारिस्ट लागतो तो फोडणीपुरता. हे आधी कुणी सांगितलं असतं तर मी गेलो नसतो असं नाही, पण निदान नवीन शर्ट शिवून घेतला नसता. उदारीकरणाचे दिवस होते. कॅसेट कंपन्यांना दर महिन्याला काहीतरी नवं हवं असायचं आणि त्या सुमारास त्या नव्याचं नाव होतं फ्यूजन.

आमचा स्टुडिओ दिल्लीलगत गुडगावात होता, एका नव्याकोऱ्या कोठीच्या, म्हणजे बंगल्याच्या, तळघरात. रस्ता झाला नव्हता, पण कोठीला इटालियन फरशी होती. बँडचे प्रमुख एक वयस्क पियानोवादक. जन्मभर मोठ्या हॉटेलांत लोकांच्या जेवणामागे जॅझ वाजवून निवृत्त झालेले. आम्ही त्यांना सर म्हणायचो. नुसता जॅझ खपत नाही, तबला घ्या आणि एक इलेक्ट्रिक गिटार घ्या म्हणजे कॉलेजची मुलं ऐकतील, असं कंपनीने त्यांना सुनावलं होतं. त्या कॉलेजच्या मुलांपायी मी आत आलो.

पहिल्या अल्बमभर सरांनी मला एकच गोष्ट शिकवली. "थोड़ा कम, बेटा." मी आवाज कमी केला, सूर कमी केले, शेवटी तालावर नुसतं खट् खट् करत राहिलो, तरी सर डोळे मिटून म्हणायचे, थोड़ा कम. त्यांचे कॉर्ड, म्हणजे एकदम दाबलेले तीन-चार सूर, मला निम्मेही कळत नसत. मला जे येत होतं ते एकच: तार बोटाने ओढून एका सुरातून दुसऱ्या सुरात सरकत जायचं. पियानोला ते जमत नाही. पियानोत एक पट्टी असते, मग दुसरी असते, मध्ये काही नसतं. सरांना बहुतेक मध्ये काही असावं असं वाटतच नव्हतं.

दुसऱ्या अल्बमच्या वेळी कंपनीने हट्ट धरला म्हणून एका गाण्यात मला सोळा मात्रांची आठ आवर्तनं मोकळी मिळाली. त्यात मी काय वाटेल ते वाजवायचं होतं. मला त्या आठ आवर्तनांची भूक लागली होती, दुसरा शब्द नाही. आपण या लोकांत शोभतो हे मला एकदा तरी ऐकायचं होतं, आणि खरं सांगायचं तर बाबांना ऐकवायचं होतं.

बाबा केंद्र सरकारच्या वीज खात्यात इंजिनिअर होते. आम्ही दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायचो. बाबांच्या टेबलासमोर भिंतीवर एक काटा होता, उत्तरेच्या सगळ्या विजेची फ्रिक्वेन्सी दाखवणारा. तो पन्नासवर असायला हवा. मागणी जास्त आणि वीज कमी, म्हणून तो कायम पन्नासच्या खाली असायचा. बाबा राज्यांना फोन करून सांगायचे, लोड कमी करा. राज्यं हो जी म्हणायची आणि काहीही करायची नाहीत. नोकरीची शेवटची वर्षं बाबांनी त्या काट्याकडे बघत काढली. संध्याकाळी ते घरी आले की आई पाण्याचा ग्लास पुढे करून विचारायची, "आज किती?" आणि ते म्हणायचे, "अठ्ठेचाळीसला आला होता." माझ्या गिटारीबद्दल त्यांनी तक्रार कधी केली नाही. दार तेवढं लावून घ्यायचे.

तर त्या मे महिन्यात सर दातांच्या डॉक्टरकडे गेले होते. फोनवर म्हणाले, तुम्ही आपलं टेपवर भरून ठेवा, पियानो मी नंतर टाकेन. सकाळीच लाइट गेली. जनरेटर लावला. वर कोठीच्या मालकीणबाईंनी सगळे एसी चालू ठेवलेले, त्यामुळे जनरेटर खोकत होता. आम्हाला सवय होती. ड्रम, तबला, बेस आणि मी असे एकदमच वाजवायला बसलो. बेस वाजवणारा गुडगावच्याच गाड्यांच्या कारखान्यात होता, रात्रपाळी करून कंपनीच्या बसने तसाच आला होता.

सर नव्हते म्हणून असेल, मी त्या दिवशी विचार केला नाही. तार ओढली आणि ती जिथे थांबायची तिथे थांबली. पुढचा सूर मी शोधला नाही, तो आलाच. तबलेवाला मान हलवायला लागला, आणि तो आमच्यासाठी कधी मान हलवत नसे. संपल्यावर बेसवाला एवढंच म्हणाला, "यार, यह तूने बजाया?" स्टुडिओच्या मालकाने, तोच रेकॉर्डिंगही करायचा, लाइट आल्यावर मला त्याची एक साधी कॅसेट काढून दिली. ती खिशात घालून मी मिनीबसला लटकत घरी आलो. आयुष्यात त्या दिवसाइतका खूश मी फारसा झालेलो नाही.

दुसऱ्या दिवशी सर आले. लाइट होती. टेप लावली. सरांनी पहिला कॉर्ड दिला आणि हात उचलला. पुन्हा दिला, पुन्हा उचलला. "यह किस पट्टी में है?"

ती कुठल्याच पट्टीत नव्हती. दोन पट्ट्यांच्या बरोबर मध्ये होती.

का, ते मला त्या संध्याकाळी बाबांनी सांगितलं. मी वैतागून ताटावर बसून राहिलो होतो म्हणून आईने विचारलं, मी सांगितलं, आणि बाबांनी घास खाली ठेवला. "रेकॉर्डिंगचं मशीन जुनं आहे का? मोटर सरळ विजेवर चालते?" दोन्ही खरं होतं. ते मशीन एका बंद पडलेल्या स्टुडिओतून आणलेलं होतं. "मग सोपं आहे. जनरेटरवर लोड होता, फ्रिक्वेन्सी पडली, तुमची टेप हळू फिरली. हळू फिरताना भरलेलं आज नीट विजेवर लावलंत, ते भरभर फिरलं. आवाज चढला." मग ते जरा थांबून म्हणाले, "आमचाच आजार आहे हा." माझ्या संगीतातली एक गोष्ट बाबांना पहिल्यांदा पूर्ण कळली होती, आणि ती ही.

बेसवाल्याने आपला भाग पुन्हा वाजवून देतो म्हटलं. ड्रम कुठेही चालतात, तबला नव्याने लावता येतो. अडकली होती ती माझी गिटार. सरांच्या पियानोचे सूर वर चढवायला जुन्या दिल्लीहून ट्यूनर आला. तारा तुटतील म्हणाला आणि चहा पिऊन गेला. पियानोऐवजी सूर चढवता येणारा कीबोर्ड घेऊ या, असं मी एकदा म्हणून बघितलं. सरांनी पियानोचं झाकण हळूच लावलं, आणि मी पुन्हा तो विषय काढला नाही.

उरला एक उपाय. मेन स्विच बंद करायचा, जनरेटर लावायचा, टेप पुन्हा तशीच हळू फिरवायची आणि तेवढ्यात सरांनी पियानो भरून घ्यायचा. सगळं गुडगाव लाइट येण्याची वाट बघत असताना आम्ही ती घालवायला निघालो. पण मधल्या काळात मालकीणबाईंनी फ्रिज जळेल या भीतीने जनरेटर दुरुस्त करून घेतला होता. आता तो मुळीच खोकत नव्हता.

रविवारी बाबा स्वतः आले. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, जसे काही इन्स्पेक्शनला आलेत. त्यांनी मालकीणबाईंना हात जोडून सांगितलं की कृपा करून सगळे एसी लावा, गीझर लावा, इस्त्री लावा. त्या म्हणाल्या, "भाई साहब, रोज़ ये लड़के बोलते हैं एसी बंद करो, शोर आता है. अब बोलते हो सब चला दो?" पण लावलं सगळं. मिक्सरसुद्धा रिकामा फिरवला.

आम्ही खाली श्वास रोखून उभे. सरांची बोटं पट्ट्यांवर तयार. टेप सुरू झाली, बाबांनी पहिल्यांदाच माझा तो तुकडा ऐकला. सूर खाली यायला लागला. सर म्हणाले, "आ रहा है... आया..." आणि त्यांनी कॉर्ड दिला तोवर तो खाली निसटला होता. मग वर आला, वरूनही निघून गेला. पुन्हा लावलं, पुन्हा तेच. बाबा मला हळू आवाजात म्हणाले, "जनरेटर आता चांगला झालाय रे. लोड आला की तो स्वतःला सावरतो. एका जागी थांबायचा नाही." त्यांचा चेहरा पडला होता. त्यांना काही करता येईल असं त्यांना खरंच वाटलं होतं, आणि मला त्यांचं वाईट वाटावं की माझं, हे कळेना.

सरांनी घाम पुसला. ते दुष्ट नव्हते. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "दोबारा बजा दो, बेटा. तुम्हारा ही है, फिर आ जाएगा."

मशीनवर आठच ट्रॅक, म्हणजे आवाज भरायच्या आठच जागा; एक सरांच्या पियानोला ठेवलेला, बाकी सगळे भरलेले. नवीन गिटार जुनीच्या जागी, तिला पुसूनच भरायची होती. मालकाने बटणावर बोट ठेवून माझ्याकडे बघितलं. दुसरा रस्ता कुणाकडेच नव्हता. मी हो म्हणालो. आणि मग दिवसभर वाजवलं. तार ओढताना प्रत्येक वेळी आता काय करायचं ते मला आधीच ठाऊक होतं. तेच सूर, त्याच जागा, आणि आत काही नाही. चौथ्या की पाचव्या खेपेला सर म्हणाले, "बढ़िया." थोड़ा कम सुद्धा म्हणाले नाहीत.

अल्बम आला. कंपनीला आवडला. बाबांनी तो बैठकीत गुडघ्यांवर हात ठेवून संपूर्ण ऐकला आणि म्हणाले, "एकदम पन्नासवर आहे." मग म्हणाले, "आधीचा कुठे गेला?"

मी सांगितलं की तो पुसला. साधी कॅसेट तेवढी आहे, चढलेल्या आवाजातली, पियानोशिवायची.

पुढच्या वर्षी बाबा निवृत्त झाले आणि क्वार्टर सोडायची वेळ आली. ते दोघे नाशिकला जाणार होते. सामान बांधून झालं होतं. बाहेर होती ती आईची भजनाची पेटी, ट्रकमध्ये द्यायला ती तयार नव्हती, आणि बाबांचा छोटा टेपरेकॉर्डर. दुपारी मी खोलीत शिरलो तर बाबा टॉर्चमधले, ट्रान्झिस्टरमधले असे सगळे जुने सेल जमिनीवर मांडून बसले होते. "सेल उतरले की टेप हळू फिरते," ते म्हणाले. "बघू तरी. कॅसेट आण."

सरांचा तो कॉर्ड मी आईला पेटीवर दाखवला. तीन बोटं. ती म्हणाली, "एवढंच?" बाबांनी सेल घातले. माझा तुकडा लागला, अजून वर होता. त्यांनी एक सेल काढून आणखी उतरलेला घातला. अजून वर. दुसरा बदलला. आई भाता मारत धीराने बसली होती. मग आवाज यायला लागला खाली, खाली, आणि पेटीच्या सुराला येऊन टेकला.

"आता," बाबा म्हणाले.

मी तो तुकडा कॉर्डावर कधी ऐकला नव्हता. कुणीच ऐकला नव्हता. माझी तार ओढली गेली आणि आईच्या तीन बोटांवर येऊन थांबली, अगदी जिथे थांबायला हवी तिथे. असं दोन आवर्तनं चाललं असेल. तिसऱ्यात गिटार जड झाली. मला ते आधी कळलं, मग बाबांना. ती पेटीपासून सुटून खाली खाली जात राहिली. बाबा हात गुडघ्यांवर ठेवून त्या टेपरेकॉर्डरकडे बघत बसले, ऑफिसात बसत असतील तसेच. कॅसेट थांबली.

"दुसरे सेल घालू या," मी म्हणालो.

"हे शेवटचे होते," बाबा म्हणाले.

आईने भात्यातली हवा संपेपर्यंत बोटं उचलली नाहीत.