सीफच्या शाखेतलं राखीव खातं

माझं बँकेतलं खातं बंद पडलंय, हे मला औषधाच्या दुकानात कळलं. बहारिनमध्ये जुफैरला आम्ही राहतो त्या बिल्डिंगच्या खालीच ते दुकान आहे. मुलीला ताप होता. मी सिरप आणि थर्मामीटर काउंटरवर ठेवलं, कार्ड लावलं, आणि मशीनने ते नाकारलं. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदाही तेच. दुकानदाराने सिरपची बाटली हळूच स्वतःच्या बाजूला ओढून घेतली. त्याचं काही चुकलं नव्हतं, पण ती बाटली सरकताना मला स्वतःचीच लाज वाटली.

कारण अगदी क्षुल्लक होतं. माझं सीपीआर, म्हणजे इथलं ओळखपत्र, कंपनीने वेळेत नवं करून दिलं होतं. बँकेने मात्र जुनीच तारीख धरून ठेवली आणि ती उलटल्यावर खातं गोठवून टाकलं. फोन केला की एक गोड आवाज माझ्या संयमाबद्दल आभार मानायचा आणि ॲपवर नव्या सीपीआर कार्डाचा फोटो टाकायला सांगायचा. फोटो टाकला की तो अस्पष्ट आहे असा निरोप यायचा. नवरा तेव्हा कामासाठी पुलापलीकडे सौदीत होता आणि घरखर्चाचं सगळं माझ्याच खात्यात होतं. चार दिवस शेजारणीने दूध, पाव आणि मुलीची औषधं आणून दिली. त्या गोड आवाजाचा मला इतका तिटकारा आला की अजूनही फोनवर कुणी 'आपला दिवस शुभ जावो' म्हटलं की मी फोन ठेवून देते.

आमच्या कंपनीच्या गोदामात एक स्टोअरकीपर आहेत. रत्नागिरीकडच्या एका खाडीकाठच्या गावचे, साठीला टेकलेले, सत्तावीस वर्षं बहारिनमध्ये. त्यांना सगळे चाचा म्हणतात, मीही म्हणते. ते मला 'बाय' म्हणतात, त्यांच्याकडे लेकीसुनांना म्हणतात तसं. मी बांधकामाच्या अंदाजपत्रकांचं काम करते, त्यामुळे मालाचे भाव विचारायला गोदामात जाणं रोजचंच. त्यांचा पगारही माझ्याच बँकेत जमा होतो आणि त्यांचं खातंही त्याच आठवड्यात गोठलं होतं. माझं चार दिवसांत सुटलं, त्यांचं अकरा दिवस अडकलं. जवळची शाखा बंद करून बँकेने सगळं ॲपवर नेलं होतं, आणि ॲप त्यांचा चेहरा ओळखायला तयार नव्हतं. त्याच दिवसांत गावी त्यांच्या सुनेचं ऑपरेशन होतं. पैसे स्वतःच्या खात्यात असून पाठवता येत नव्हते. शेवटी त्यांच्या खोलीतल्या लोकांनी मिळून पाठवले. हे त्यांनी मला पाइपांच्या घडवंचीशेजारी उभं राहून, कुणा तिसऱ्याचं सांगावं तसं सांगितलं.

मी म्हटलं, आपण दोघांनीही दुसऱ्या एखाद्या बँकेत खातं उघडून ठेवू. पगार जिथे येतो तिथेच येऊ दे, पण दोन-तीन महिने निभावेल इतकं दुसरीकडे असलेलं बरं. एकीकडचं दार बंद झालं तर दुसरीकडून बाहेर पडता यावं.

"तुम्ही उघडाल तिथेच माझं पण उघडा, बाय," चाचा म्हणाले. "मला ह्यातलं काय कळत नाय."

पुढचे आठ दिवस मी चौकशी केली. बँक खरंच वेगळी हवी, नुसती वेगळ्या नावाची त्याच मालकाची नको. कार्ड चालवणारी कंपनीही वेगळी हवी. माणसं बसलेली शाखा हवी. पगार तिथे वळवा अशी अट नको. ऑफिसातल्या एकाने मनामाच्या सीफ भागातली एक बँक सुचवली. तिच्या माहितीपत्रकात सगळं होतं. कमीत कमी शिल्लक किती लागते ते मात्र बारीक अक्षरांत होतं आणि मी ते नीट वाचलं नाही.

शनिवारी सकाळी आम्ही माझ्या गाडीने गेलो. चाचांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि सगळे कागद प्लास्टिकच्या पिशवीत नीट लावून आणले होते. शाखा एका मॉलला लागून होती. आत इतकं थंड होतं की अंगावर काटा आला, आणि ऊदाच्या अत्तराचा वास घशात बसला. आम्हाला भेटलेला अधिकारी तिशीचा, ठाण्याचा निघाला. माझं आडनाव वाचताच तो मराठीत बोलू लागला. "ताई, बसा ना, आपलीच बँक समजा." कॉफी आली, खजूर आले. परक्या देशात परक्या टेबलामागून मराठी ऐकू आलं की माणूस सैल पडतं, तशी मी पडले. गेल्या महिन्यातला सगळा अपमान तिथे कुणीतरी पुसून काढत होतं असं वाटलं.

मग त्याने चाचांकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे पाहिलं आणि अगदी सहज म्हणाला, "ड्रायव्हरला खाली पार्किंगमध्ये थांबू द्या ना ताई, इथे खुर्च्या कमी आहेत."

खुर्च्या रिकाम्या होत्या. मी बोलायला तोंड उघडलं. पण चाचा तोवर उठले होते, आणि ते उठले हे पाहून मी तोंड मिटलं. मला वाटलं, आता सांगितलं तर ह्या मुलाला ओशाळल्यासारखं होईल, सगळंच अवघड होईल. माझं काम उरकलं की त्यांना वर बोलावू. हे सगळं एका क्षणात वाटलं. तेवढ्यात चाचा पिशवी घेऊन बाहेरही पडले.

अधिकारी एकामागून एक खजूर खात होता. बी बशीत टाकायचा, बोटं चाटायचा आणि त्याच बोटांनी मला पेन द्यायचा. ते पेन चिकट होतं. त्याच पेनने मी सह्या करायला लागले. शेवटी मी म्हटलं की ते ड्रायव्हर नाहीत, आमच्या कंपनीचे स्टोअरकीपर आहेत, त्यांनाही खातं उघडायचंय. त्याने पगार विचारला. मी अंदाजाने सांगितला. तो पुढे वाकला, आवाज खाली आणला आणि म्हणाला, "ताई, ती कॅटेगरी आपण घेतच नाही. सगळं गावाला पाठवतात, कमीत कमी शिल्लक तरी कशी राहणार? नुसती गर्दी होते. आपल्यासारख्यांना मग बसायला जागा नाही."

'आपल्यासारख्यांना' ह्या शब्दाची मला किळस आली. कॉफीचा कप मी दूर सारला. उठून जायला हवं होतं, कागद फाडायला हवे होते. पण अर्ध्या सह्या झाल्या होत्या, आणि औषधाच्या दुकानातली ती सरकणारी बाटली माझ्या डोळ्यांपुढे होती. मी उरलेल्या सह्या केल्या आणि त्याला धन्यवादही दिले.

खाली चाचा गाडीच्या सावलीत उभे होते. ऑगस्टमध्ये सकाळी दहालाही सीफच्या पार्किंगमध्ये हवा अंगाला चिकटते. त्यांच्या शर्टाची इस्त्री गेली होती. गाडीत बसल्यावर मी म्हटलं, आज त्यांचे फॉर्म संपलेत, नंतर बोलावतो म्हणाले. चाचा म्हणाले, "इंशाल्ला," आणि मग रस्ताभर नातीच्या शाळेबद्दल बोलत राहिले. मी हो-हो म्हणत गाडी चालवली. घरी आल्यावर मी साबणाने दोनदा हात धुतले. पण त्या पेनचा चिकटपणा काही केल्या जाईना.

दोन महिने ते खातं तसंच होतं. अधिकारी सणासुदीला मेसेज पाठवायचा, कर्ज घ्या, विमा घ्या म्हणायचा आणि प्रत्येक मेसेजच्या सुरुवातीला 'ताई' असायचं. गोदामात जाणं मी कमी केलं होतं, भाव फोनवरच विचारायची. एक दिवस मेसेज आला की तुमच्या ओळखीचे पाच 'चांगले' ग्राहक सुचवा, भेटवस्तू मिळेल. त्या अवतरणचिन्हांतल्या शब्दाकडे पाहून मला अशी शिसारी आली की मी त्याच दुपारी सीफला गेले आणि खातं बंद करायला सांगितलं.

त्याने कारण विचारलं. मी सांगितलं. माझ्यासोबत आलेल्या, माझ्या वडिलांच्या वयाच्या माणसाला तुम्ही उन्हात काढलंत. आवाज चढला असावा, कारण शेजारच्या टेबलावरची मुलगी बघायला लागली. त्याला खरंच आश्चर्य वाटलं. राग आला नाही, की तो ओशाळलाही नाही.

"ताई, मी चुकलो असेन," तो म्हणाला. "पण मी त्यांना खाली थांबू द्या म्हटलं तेव्हा तुम्ही काहीच बोलला नाहीत, म्हणून मला वाटलं ड्रायव्हरच असतील."

तो माणूस मला तेव्हाही किळसवाणा वाटला, आजही वाटतो. पण त्या दिवशी त्याच्या बोलण्यात खोटं काही नव्हतं. खातं बंद करण्याच्या कागदावर मी सही केली, ह्या वेळी माझ्या पर्समधल्या पेनने.

तिथून थेट गोदामात गेले आणि चाचांना सांगितलं की फॉर्म संपले नव्हते. ते नटबोल्टांचे खोके लावत होते. हातातला खोका त्यांनी ठेवला.

"सत्तावीस वर्षं स्टोअर बघतोय, बाय. बँकेत फॉर्म संपत नाहीत, एवढं मला कळतं," ते म्हणाले. मी माफी मागायला लागले तर म्हणाले, "ऱ्हाव दे. झालं ते झालं. खलास." पण ते माझ्याकडे न बघता म्हणाले.

मग कळलं की त्यांनी केव्हाच दुसरं खातं उघडलंय. मनामाच्या जुन्या बाजारात एका बँकेची लहानशी शाखा आहे, ती त्यांना खोलीतल्या एकाने दाखवली. काउंटरवर एक वयस्कर बहारिनी बाई बसते. तिने कार्ड पाहिलं, दोन प्रश्न विचारले आणि अर्ध्या तासात काम झालं. पत्ता त्यांनी मला एका जुन्या बिलाच्या पाठीमागे लिहून दिला, सोबत येतो मात्र म्हणाले नाहीत.

त्या शनिवारी मी एकटीच तिथे गेले. टोकन घेतलं, माझ्यापुढे तीसेक माणसं होती, बहुतेक साइटवरच्या कपड्यांतली. घामाचा आणि सिमेंटचा वास होता, एसी धापा टाकत होता. दीड तास बसले. कुणी ताई म्हटलं नाही, कॉफी विचारली नाही. आणि एका क्षणी माझ्या लक्षात आलं की मी मान उंच करून काउंटरकडे बघतेय, माझ्याकडे कुणाचं तरी लक्ष जावं आणि मला आधी बोलवावं म्हणून. शेजारचा माणूस जरा सरकला, माझी पर्स ठेवायला जागा व्हावी म्हणून. मी पर्स मांडीवर घेतली आणि त्याला नीट बसायला सांगितलं. नंबर आल्यावर त्या बाईने माझं कार्ड घेतलं, वर न बघता दोन प्रश्न विचारले आणि खातं उघडून दिलं.