सुलभाताईंचे दहा शब्द

आमच्यापैकी कुणाचं काम तपासायचं असलं की सुलभाताई म्हात्रे आधी त्याची खुर्ची फडक्याने पुसत आणि मगच बसत. तो तिथेच उभा असला तरी. "बघू, काय घाण करून ठेवलीये," म्हणत. खारी गावच्या, शिक्षणाने आमच्याहून कमी, आणि आम्हा सगळ्यांना मनापासून तुच्छ लेखणाऱ्या.

मीरा रोडला सिल्व्हर पार्कात आमचं लहानसं ऑफिस. कुठलं औषध जवळच्या कोणत्या दुकानात मिळेल, हे लोक आमच्या साइटवर शोधतात. त्यासाठी सर्व्हरवर औषधांची सूची असते, इंडेक्स. नवी सूची घालायची तर ताईंचा एकच हेका: चालू सूचीला हात लावायचा नाही. नवी वेगळ्या नावाने शेजारी उभी करायची, भरायची, आणि ताईंच्या वहीतले दहा शब्द तिच्यात शोधून बघायचे. लोक चुकवून लिहितात तसेच लिहिलेले, 'इन्शुलिन', 'थायरॉड'. दहाही सापडले तरच साइट तिला जोडायची.

"जुन्या बिल्डिंगीत माणसं राहतायत आणि तुम्ही पिलर फोडताय," त्या मला म्हणत. "डिग्री हाय, अक्कल न्हाय."

मला राग यायचा. ही बाई मला शिकवणार!

एकदा जनावरांच्या औषधांची सूची घालायची होती. ताई जेवायला गेल्या होत्या आणि त्यांचा कॉम्प्युटर चालू होता. पंधरा मिनिटांत उरकून दाखवू म्हणून मी तिथे बसलो. आधी वापरलेलीच आज्ञा, कमांड, उचलली, तिच्यातलं चालू सूचीचं नाव बदलायचं राहिलं. 'याच नावाची सूची आहे, पुसू का?' असं विचारलं गेलं. न वाचता मी 'हो' दाबलं.

थोड्या वेळाने एका माणसाचा फोन आला. "आईसाठी इन्शुलिन शोधतोय, तुम्ही कुत्र्याचा शाम्पू काय दाखवताय?"

साहेब बाहेर आले. "किसने किया? लॉगिन तो म्हात्रे मॅडम का है."

ताईंनी स्क्रीन पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. "ज्यानं केलं त्याला तोंड हाय, सर. बोलंल तो."

मी चष्मा पुसत राहिलो.

ताईंनी दोन तास बसून सूची पुन्हा उभी केली, दहा शब्द तपासले, साइट जोडली. साहेबांनी त्यांना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. डबा पिशवीत टाकून जाताना त्यांनी ती वही माझ्या टेबलावर आपटली. "ठेवा. तुम्हाला लागंल."

लागली. पुढे कितीतरी वर्षं नव्या मुलांना मी ती पद्धत शिकवली, माझी म्हणून.

गेल्या आठवड्यात ऑफिसात सगळ्यांसमोर खरं सांगितलं. पण तो काही माझा मोठेपणा नव्हे. आदल्या दिवशी खारीला ताईंकडे गेलो होतो. त्या वाल सोलत होत्या. "ताई, ते मी केलं होतं."

"मला ठाऊक हाय. ऑफिसात सांगितलंत?"

"नाही अजून."

"मग हितं कशाला आलात? हितं कुणाला वाटलं व्हतं का मी केलं म्हणून?"

मी उठलो. चप्पल घालून मागे वळलो, तेव्हा ताई मी बसलेली खुर्ची फडक्याने पुसत होत्या.